नवतप्यातला फोन आणि बर्डीवरची खरेदी
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न: मी औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी आहे. दिवसभर दुचाकीवर असतो आणि नकाशासाठी फोन हँडलच्या होल्डरला लावतो. एप्रिल लागल्यापासून दुपारी स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंग थांबते, कधी कधी फोन थंड होऊ द्या असा इशारा येतो. फोन जेमतेम आठ महिन्यांचा आहे. खराब निघाला का?
– वर्धा रोड, नागपूर

उत्तर: बहुधा नाही. तुमचा फोन स्वतःला वाचवतो आहे. आयफोन ० ते ३५ अंश तापमानाच्या हवेत वापरावा असे अ‍ॅपल सांगते, आणि बाकीच्या कंपन्यांच्या फोनमध्येही बॅटरी त्याच जातीची, म्हणजे लिथियम-आयनच असते. नागपुरात मार्च सरता सरता दुपार ३५ अंश ओलांडते आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४५ च्या आसपास खेळतो. ही सावलीतली मोजणी झाली. होल्डरमधल्या काळ्या फोनवर थेट ऊन पडते. त्यात पूर्ण उजेडावरची स्क्रीन, जीपीएस आणि डेटा, वरून गाडीच्या सॉकेटमधून चार्जिंग. आतली उष्णता बाहेर जायला जागाच उरत नाही. मग फोन आधी स्क्रीन मंद करतो, प्रोसेसरचा वेग कमी करतो आणि शेवटी चार्जिंग तोडतो. हे रोजचे झाले तर मात्र बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि ते नुकसान भरून निघत नाही.

म्हणून चालत्या गाडीवर चार्जिंग आधी बंद करा. सकाळी निघताना फोन भरून घ्या आणि दुपारी एखाद्या दवाखान्यात थांबलात की पंख्याखाली, कव्हर काढून चार्ज करा. नकाशा डोळ्यांनी बघण्यापेक्षा कानांनी ऐका. एका कानात इअरफोन, आवाजातल्या सूचना सुरू, स्क्रीन बंद, फोन बॅगेच्या सावलीतल्या कप्प्यात. गुगल मॅप्समध्ये वर कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टिचकी मारून ‘ऑफलाइन नकाशे’ उघडा आणि घरच्या वायफायवर नागपूर व आसपासचा भाग उतरवून ठेवा, म्हणजे डेटाचा भार कमी होईल. ५जीचा सिग्नल येतो-जातो अशा पट्ट्यात नेटवर्क ४जीवर ठेवले तरी फोन थोडा थंड राहतो, कारण सिग्नल शोधत राहण्यातही बॅटरी खर्च होते.

बॅटरी सर्वांत लवकर झिजते ती पूर्ण भरलेली आणि गरम अशा दोन्ही अवस्था एकत्र आल्या की. अनेक फोनमध्ये आता चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे. सॅमसंगमध्ये ती बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘बॅटरी प्रोटेक्शन’ नावाने सापडते, आयफोनमध्ये १५ पासून पुढच्या मॉडेलांत. निदान मार्च ते जून ती सुरू ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत फोन किंवा पॉवर बँक ठेवू नका. तापलेला फोन फ्रिजमध्ये टाकणे तर त्याहून वाईट, कारण आत दव धरते. कूलरच्या हवेने बिघडत नाही, फक्त जाळीतून पाण्याचे शिंतोडे उडतात तिथे फोन नको.

होल्डरचा आणखी एक तोटा आहे. फोटो हलू नये म्हणून कॅमेऱ्याचे भिंग आत तरंगते बसवलेले असते, आणि इंजिनाच्या सततच्या थरथरीने ते बिघडू शकते. अ‍ॅपलने २०२१ मध्ये मोटारसायकलींबाबत तसा इशारा दिला होता. होल्डर लावायचाच असेल तर कंप शोषणारा घ्या.

मागचे झाकण फुगलेले किंवा स्क्रीनच्या कडेला फट पडलेली दिसली, तर तो फोन चार्जिंगला लावूच नका. बॅटरी दाबू नका, टोचू नका. थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

प्रश्न: काटोल तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. बजेट पंधरा हजार. ई-पीक पाहणी (सरकारी अ‍ॅपवर पिकाची नोंद) करायची असते, झाडावरच्या रोगाचे फोटो पाठवायचे असतात, आणि बागेत रेंज कमी आहे. दुकानदार १०८ मेगापिक्सेलचा फोन सुचवतो. घ्यावा का?
– काटोल

उत्तर: मेगापिक्सेलचा आकडा बाजूला ठेवा. तुमच्या कामाला आधी रेंज लागते, मग उन्हात दिसणारी स्क्रीन आणि त्यानंतर कॅमेरा.

रेंजसाठी बागेच्या शेवटच्या धुऱ्यावर उभे राहून कोणत्या कंपनीचे सिम चालते ते शेजाऱ्यांच्या फोनवर तपासा. फोन कितीही महाग घेतला तरी नसलेला टॉवर येत नाही. त्यानंतर फोनचे बँड, म्हणजे तो पकडतो ते लहरींचे पट्टे, बघा. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. जिओच्या ५जीसाठी त्याला एन२८ म्हणतात, बीएसएनएलच्या ४जीसाठी बँड २८. शहरातले वेगवान ५जी मुख्यतः एन७८ वर चालते. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात हे आकडे असतात. २८ आणि ७८ हे दोन्ही असतील तोच फोन घ्या.

खोक्यावर छापलेला स्क्रीनचा ‘पीक’ निट्सचा (निट्स म्हणजे उजेडाचे माप) आकडा पडद्याच्या छोट्याशा भागापुरता आणि क्षणभराचा असतो. ‘एचबीएम’ (उन्हात पूर्ण पडद्याचा वाढवलेला उजेड) किंवा ‘टिपिकल’ (नेहमीचा) उजेड किती ते विचारा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे दुकानातला नमुना फोन हातात घेऊन बाहेर रस्त्यावरच्या उन्हात बघणे. दुकानदार नाही म्हणत नाहीत.

कॅमेऱ्यात २ मेगापिक्सेलचा ‘मॅक्रो’ (अगदी जवळून फोटो काढायचा) असेल तर तो नाही असेच समजा. पानावरच्या कोळशीचा (काळ्या बुरशीचा) किंवा बुंध्यावरच्या डिंक्याचा फोटो मुख्य कॅमेऱ्याने, वीतभर अंतरावरून, २ पट झूम करून काढा. उन्हाकडे पाठ करून उभे राहा आणि पानावर बोट टेकवून फोकस धरू द्या. रोगट फांदी, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू आणि पूर्ण झाड असे चार फोटो लागतात. एकाच फोटोवरून तज्ज्ञाला सांगणे कठीण जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि बारीक ठिपके पुसले जातात. म्हणून ‘एचडी’ निवडा किंवा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा.

ई-पीक पाहणीत फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. लोकेशन सुरू करून मोकळ्या आकाशाखाली दोन-तीन मिनिटे थांबा, मगच फोटो काढा. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, पण रेंज नसताना पहिली जागा पकडायला वेळ जास्त लागतो. झाडाखाली घाई केली तर जागा शेजारच्या गटात दिसू शकते.

एक मुद्दा दुकानात सहसा कुणी सांगत नाही. सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार ते विचाराच. सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ ५जी ला सहा वर्षांचे आश्वासन दिले आहे. त्याच किमतीच्या कित्येक फोनना त्याहून कमी वर्षे मिळतात. याच फोनवरून बँकेचे व्यवहार होणार असतील तर हा फरक कॅमेऱ्यापेक्षा मोठा आहे.

प्रश्न: ‘८ अधिक ८ जीबी रॅम’ म्हणजे सोळा जीबी का?
– हिंगणा

उत्तर: नाही. खरी रॅम ८ जीबी. उरलेली ८ ही साठवणीची जागा रॅमसारखी वापरण्याची सोय आहे आणि ती खऱ्या रॅमपेक्षा खूपच हळू असते. पैसे पहिल्या आकड्याचे मोजा.

प्रश्न: माझा ६४ जीबीचा फोन सारखा भरतो. मुलगा नवा घ्या म्हणतो. मी निवृत्त शिक्षिका आहे. फोटो, भजने आणि व्हॉट्सअ‍ॅप, एवढाच वापर.
– महाल

उत्तर: काकू, आधी सफाई करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’, त्यात ‘स्टोरेज व्यवस्थापित करा’ उघडा. ‘५ एमबीपेक्षा मोठ्या’ आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेल्या’ अशा दोन याद्या वरच दिसतील. सुप्रभातचे व्हिडिओ तिथेच साचलेले असतात. निवडून काढून टाका. मग तिथेच मागे येऊन मीडिया आपोआप डाउनलोड होणे बंद करा, म्हणजे हवे तेच उतरेल. गॅलरीतून पुसलेले फोटो काही आठवडे कचरापेटीत पडून जागा अडवतात, तीही रिकामी करा. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गुगलच्या मोफत १५ जीबीतच मोजला जातो, त्यामुळे त्यात व्हिडिओ घेऊ नका.

एवढे करूनही आठवड्यात फोन भरला, तर १२८ जीबीचा घ्यायला हरकत नाही.

प्रश्न: वसतिगृहात राहतो. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) वापरलेला फोन स्वस्तात मिळतोय. काय तपासू?
– धरमपेठ

उत्तर: पैसे देण्याआधी *#०६# डायल करा. स्क्रीनवर आलेला आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. मग दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाका. ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ असे उत्तर आले तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका. बिल नसेल तरी घेऊ नका, कारण चोरीचा फोन पुढे ब्लॉक झाला की पैसे आणि फोन दोन्ही जातात.

नंतर विकणाऱ्याला त्याचे गुगल किंवा अ‍ॅपल खाते काढायला लावा आणि तुमच्यासमोर फोन फॅक्टरी रिसेट करू द्या. तो सुरू होऊन तुमच्या खात्याने होम स्क्रीनपर्यंत आला की कुलूप उरले नाही अशी खात्री पटते. ‘घरी जाऊन करा’ असे म्हणाला तर तिथेच थांबा. रिसेटनंतर जुने खाते मागणारा फोन तुमच्या काहीच कामाचा नाही.

स्क्रीन दुकानाच्या दिव्याखाली नको, बाहेर येऊन पाहा. पांढऱ्या पानावर पिवळट किंवा जळके डाग दिसतात. स्वतःचे सिम घालून एक फोन लावा आणि कानाला लावल्यावर स्क्रीन बंद होते का ते बघा. न झाल्यास सेन्सर गेलेला असू शकतो, किंवा स्क्रीन नीट न बसवता बदललेली. चार्जर लावून पाच मिनिटे थांबा. आयफोनमध्ये बॅटरी हेल्थ ८० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. अँड्रॉइडमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती वर्षभर जुनी असेल तर त्या फोनवर यूपीआय चालवू नका.