स्क्रॅचच्या ग्रेडियंटमध्ये तिसरा रंग कुठे ठेवायचा?

तुमचा प्रश्न असा आहे की मुलगी स्क्रॅचमध्ये (मुलांसाठीचं, ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करायचं टूल) सूर्यास्ताचा बॅकड्रॉप, म्हणजे मागचं चित्र, करतेय, वर निळं, मधे गुलाबी, खाली केशरी असं आकाश तिला हवंय, पण ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून हळूहळू दुसऱ्यात जाणारी छटा, निवडला की फिलच्या (रंग भरायच्या) खिडकीत रंगाचे दोनच चौकोन येतात, मग तिसरा रंग आणायचा कुठून आणि मुळात तो देत का नाहीत. त्यावर वर एकांनी लिहिलंय की लहान मुलांच्या टूलला दोन रंग पुरे, जास्त हवं असेल तर मोठं सॉफ्टवेअर शिका. मला हे पटत नाही. मी गेली काही वर्षं शनिवारी घरी पोरांना स्क्रॅच शिकवते आणि माझ्या मते तिसरा रंग ही चैन नाहीये, दोन रंगांत कितीतरी साधी चित्रंसुद्धा बिघडतात म्हणून तो हवाय.

आधी हे करून बघा. पेंट एडिटरमध्ये, म्हणजे स्क्रॅचच्या चित्र काढायच्या भागात, एक चौकोन काढा, वरून खाली जाणारा ग्रेडियंट निवडा, रंगाच्या स्लायडरवर पहिला रंग 17 आणि दुसरा 67 ठेवा, दोन्हीचं सॅच्युरेशन आणि ब्राईटनेस 100. म्हणजे एक झक्क पिवळा आणि एक झक्क निळा. मधे काय येतं? राखाडी. माझ्याकडे सहावीतला एक मुलगा नेमकं हेच करून बसला होता आणि म्हणाला, "ताई, हिरवा कुठे गेला?" बरोबर आहे त्याचं, वॉटरकलरच्या पेटीत पिवळ्यात निळा घातला की हिरवाच होतो, चित्रकलेच्या बाईंनी तेच शिकवलंय. पण स्क्रीनवर रंग कालवले जात नाहीत, लाल-हिरवा-निळा या तीन आकड्यांची सरासरी निघते. पिवळा म्हणजे 255, 255, 0 आणि निळा म्हणजे 0, 0, 255, त्यांच्या मधोमध तिन्ही आकडे साधारण 127 आणि तिन्ही सारखे आले की तो राखाडीच. लाल ते हिरवा केलात तर मधे शेवाळासारखा मळकट पट्टा. तुमच्या मुलीचं निळं-केशरी आकाशही दोनच रंगांत केलंत तर मधे मातकट जांभळं होणार, मग मूल म्हणतं मला रंग जमत नाहीत. त्याचा काही दोष नसतो हो, मधे एक रंग हातानं ठेवायची सोय नाहीये एवढंच.

आता अडचण नेमकी कुठे आहे ते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हे करायला तांत्रिक दृष्ट्या अवघड असेल. तसं काही नाहीये. स्क्रॅच 3.0, म्हणजे जानेवारी 2019 मध्ये आलेलं, त्याचा पेंट एडिटर पेपर जेएस नावाच्या लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) चालतो आणि व्हेक्टर कॉश्च्युम, म्हणजे ठिपक्यांऐवजी आकारांनी बनलेलं चित्र, एसव्हीजी प्रकारची फाईल म्हणून सेव्ह होतो. एसव्हीजीमध्ये ग्रेडियंटला स्टॉप असतात, स्टॉप म्हणजे या ठिकाणी हा रंग अशी खूण, आणि ते कितीही टाकता येतात. पेपर जेएसलाही ते कळतं. जुन्या प्रोजेक्टचं काय होईल ही भीती पण नको, दोन स्टॉपचा ग्रेडियंट हा तसाच चालू राहील, त्याला कुणी हात लावत नाहीये. तुम्ही बाहेर पाच रंगांचा ग्रेडियंट करून एसव्हीजी अपलोड केलात तर स्टेजवर तो पाचही रंगांत दिसतो. फक्त एडिटरच्या खिडकीत दोनच चौकोन आहेत, त्यामुळे त्या आकाराला तिथून नवा रंग दिलात की जुने पाच गेले, उरले दोन.

म्हणजे गाडं अडलंय ते खिडकीच्या रचनेपाशी. आत्ताची खिडकी फार शहाणपणानं केलेली आहे हे मान्य करायला हवं: वर चार चित्रं (सपाट, दोन दिशांचे आणि गोल), खाली दोन चौकोन, मधे अदलाबदलीचं बटण आणि तीन स्लायडर. स्क्रॅच मुख्यतः 8 ते 16 वयासाठी केलंय, आणि आठ वर्षांच्या मुलाला "हा रंग इथून तिथे जातो" हे बघताक्षणी कळतं. आता याच्या जागी पॉवरपॉईंटसारखी पट्टी आणा, दहा स्टॉप, प्रत्येकाला सरकवायची मूठ, प्रत्येकाची टक्केवारी. मी पोरांना एकदा ती पट्टी दिली होती. दोन स्टॉप एकमेकांवर चढले, एक चुकून पट्टीबाहेर ओढला गेला आणि गायब झाला, आणि टॅबलेटवाल्या मुलीचं बोट त्या इवल्याशा मुठीवर बसेचना. वीस मिनिटांनी मीच पट्टी बंद केली. तेव्हा "मल्टीकलर द्या" एवढंच म्हणून भागत नाही, कसं द्या तेही सांगायला लागतं.

माझं म्हणणं असं. दोन चौकोन आहेत तसेच राहू देत, शेजारी एक छोटं अधिकचं चिन्ह. दाबलं की मधे तिसरा चौकोन, परत दाबलं की चौथा, बस, चारच्या पुढे नाही. रंगांमधलं अंतर आपोआप सारखं, म्हणजे तीन रंग असतील तर मधला बरोब्बर अर्ध्यावर. सरकवणं वगैरे काही नको. ज्याला चिन्ह दाबायचं नाही त्याच्यासाठी काहीच बदललं नाही. अदलाबदलीचं बटण मग अख्खी रांग उलटी करेल. इंद्रधनुष्याला सात लागतात असं कुणीतरी म्हणणारच, पण इंद्रधनुष्याला ग्रेडियंट कशाला, सात कमानी काढा की, त्या जास्त छान दिसतात. खरी भांडणाची जागा एकच आहे, ती म्हणजे मूल चार रंगांचा आकार आणि दोन रंगांचा आकार एकदम निवडतं तेव्हा खिडकीनं किती चौकोन दाखवायचे. यावर माझ्याकडे सुबक उत्तर नाहीये, मी सरळ पहिला आणि शेवटचा दाखवीन. स्क्रॅचचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, इथे कुणाला जावास्क्रिप्ट येत असेल तर करून बघा, मी पोरांकडून तपासून देते.

तोपर्यंत तुमच्या आकाशाचं काय, तर चित्रातच एकाखाली एक दोन चौकोन काढायची युक्ती. व्हेक्टर मोडमध्येच राहा. आधी आऊटलाईन शून्य करा, हे विसरलात तर मधे काळी रेघ येते आणि मग अर्धा तास ती कुठून आली हे शोधण्यात जातो (माझा गेलाय). वरच्या अर्ध्या भागात एक रुंद चौकोन, निळ्यापासून गुलाबी. खालच्या अर्ध्यात दुसरा, गुलाबीपासून केशरी. दोन्हीतला गुलाबी तंतोतंत एकच हवा, त्यामुळे डोळ्यांनी जुळवत बसू नका, स्लायडरचे तीन आकडे कागदावर लिहून ठेवा आणि दुसरीकडे तेच लावा. पिचकारीनं, म्हणजे त्या आयड्रॉपरनं उचललात तर कडेपासून थोडा आत उचलला जातो आणि किंचित वेगळा गुलाबी येतो, मग जोड दिसतो. आणि दोन्ही नुसते टेकवून ठेवलेत तर मधे केसाएवढी फट चमकते, म्हणून खालचा चौकोन ॲरोच्या बटणानं एक-दोन घरं वर सरकवून वरच्यावर चढवा. तिथे दोन्ही बाजूंना गुलाबीच असल्यामुळे चढलेलं कळत नाही. मग दोन्ही निवडून ग्रुप करा म्हणजे चुकून एकच हलणार नाही.

सूर्याचा उजेड वेगळा करायचा. शिफ्ट दाबून नीट गोल काढा, गोल ग्रेडियंट निवडा, आतला रंग पिवळा आणि बाहेरचा पारदर्शक, म्हणजे तो तिरक्या लाल रेघेचा चौकोन. इथे स्क्रॅचनं एक हुशारी केलीय, पारदर्शक म्हणजे तोच पिवळा शून्यावर नेलेला, त्यामुळे कडेला काळपट झाक येत नाही. आकाशावर हा गोल ठेवलात की तिसराच काय, चौथा रंगही मिळाला. पुढे दोन डोंगर, झोपडी आणि नारळाचं झाड आलं की आपलं प्रत्येकाच्या वहीतलं निसर्गचित्र तयार, आणि डोंगर पुढे असल्यामुळे चौकोनांच्या खालच्या कडा झाकल्या जातात.

ही युक्ती चौकोनालाच जमते, पान किंवा मोराचं पीस असेल तर नाही, कारण स्क्रॅचमध्ये एका आकारानं दुसरा कापायची म्हणजे मास्कची सोय नाही. पिसाला मी एकात एक अंडाकृती ठेवायला लावते. पानाला इंकस्केप, हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ग्रेडियंटच्या रेघेवर डबल क्लिक केलं की नवा स्टॉप येतो. साधा एसव्हीजी म्हणून सेव्ह करा, अपलोड करा आणि त्यानंतर स्क्रॅचमध्ये त्याचा रंग बदलू नका, कारण वर सांगितलंच.

मुलगी ब्लॉक लावण्यात रमत असेल तर मात्र पेंट एडिटर सोडाच, पेननं, म्हणजे स्प्राईटकडून (स्टेजवर फिरणाऱ्या पात्राकडून) रेघा काढून घेणाऱ्या ब्लॉकनी, आकाश रंगवा. स्टेज 480 बाय 360 असतं. पेनची साईज 4, पेनचा रंग 0, सुरुवात एक्स -240 आणि वाय 180. मग 100 वेळा हेच: पेन खाली, एक्स 240, पेन वर, एक्स परत -240, वाय -3.6 नं बदला, पेनचा रंग 1 नं बदला. शंभर रेघांत 360 उंची भरते आणि पेनच्या रंगाचा फेरा शंभराचाच असल्यानं लालपासून निघून परत लालपर्यंत अख्खं वर्तुळ मिळतं, आणि मधे कुठेही तो राखाडी पट्टा येत नाही, कारण इथे सरासरी नाही, रंगाचा आकडाच पुढे सरकतोय. फक्त आकाशाचे रंग हवे असतील तर 67 पासून सुरू करा आणि दर वेळी 0.4 नं वाढवा, निळ्यावरून जांभळा, गुलाबी करत केशरीपर्यंत येतं. स्प्राईट लपवून ठेवा, लपलेला असला तरी तो रेघ काढतो. टर्बो मोड, म्हणजे सगळं झटक्यात उरकायची सोय, आधी लावू नका, एकेक रेघ खाली उतरताना बघण्यातच पोरांना जास्त मजा येते.