शॉकअप बदलले म्हणून फ्युएल पंपाची वॉरंटी जाते का?

प्रश्न : मी नाशिकला सिडकोत राहतो. माझी ६५० सीसीची टूरिंग गाडी आहे, घेऊन दीड वर्ष झालं, कंपनीची वॉरंटी तीन वर्षांची. मागे बायको आणि दोन सॅडल बॅगा घेऊन आम्ही सापुतारा, भंडारदरा, कधी थेट कोकणापर्यंत जातो. मूळचे मागचे शॉकअप खड्ड्यात तळाला आपटायचे, म्हणून मुंबईच्या एका दुकानातून २४,००० रुपयांची परदेशी गॅस शॉकअपची जोडी मागवली. चार महिन्यांत उजवा शॉकअप तेल गळू लागला. दुकानदार म्हणतो, तुम्ही ओव्हरलोड केलंत. त्यातच गाडीचा फ्युएल पंप गेला आणि मागच्या चाकाचं बेअरिंग वाजायला लागलं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, बाहेरचे शॉकअप टाकलेत, आता सगळी वॉरंटी संपली. मित्र म्हणतो, जुने शॉकअप चढव आणि दुसऱ्या सेंटरला ने, काही बोलू नकोस. शेजारी आरटीओच्या दंडाची भीती घालतात. काय करू? आणि पुढचे शॉकअप घेताना काय बघू? दुकानदाराशी झालेल्या व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

उत्तर : मित्राचं ऐकू नका. पहिल्या सेंटरच्या जॉब कार्डवर बाहेरच्या शॉकअपची नोंद झालेली असणार. उद्या ती पुढे आली की तुमची बाजू खरी असूनही लपवाछपवी करणारा ग्राहक म्हणून तुम्ही उभे राहाल, आणि समोरच्या वकिलाला एवढंच हवं असतं. जुने शॉकअप बसवायला माझी हरकत नाही, उलट गळका शॉकअप घेऊन कसारा घाट उतरूच नका. फक्त क्रम पाळा. आधी गाडीवर बसवलेल्या अवस्थेतले फोटो आणि व्हिडिओ काढा, जॉब कार्डची प्रत घ्या, मग बदला, आणि बदलल्याचं गॅरेजचं बिल ठेवा.

आता वॉरंटी. 'बाहेरचा पार्ट लावला की वॉरंटी संपली' हे वाक्य काउंटरवर फार सहज फेकलं जातं. बुकलेटमध्ये तशी अट असतेही. पण ग्राहक आयोगापुढे विचारलं जातं ते हे की कोणत्या पार्टमुळे काय बिघडलं. फ्युएल पंप पेट्रोलच्या टाकीत बसतो आणि दाबाने पेट्रोल इंजेक्टरकडे पाठवतो. मागच्या शॉकअपचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. इथे तुमची बाजू भक्कम आहे. बेअरिंगचं तसं नाही. कडक स्प्रिंगमुळे रस्त्याचे आदळे चाकाकडेच राहिले, असं कंपनीचा इंजिनियर म्हणेल आणि ते अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. बेअरिंगचा खर्च पंपाच्या मानाने किरकोळ आहे. तो स्वतः करा आणि तक्रारीत ते बेअरिंग आणूच नका. कमकुवत मुद्दा चांगल्या मुद्द्याच्या गळ्यात बांधला की दोन्ही बुडतात.

बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाने (हा ग्राहक आयोगापेक्षा वेगळा) २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या प्रकरणात अडीच हजार कोटींहून जास्त दंड केला होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारा, असं त्या आदेशात म्हटलं आहे. तो आदेश मोटारींबद्दलचा आणि पुढे त्यावर अपिलंही झाली, म्हणून तुमच्या दुचाकीला तो जसाच्या तसा लागणार नाही. पण युक्तिवादाला त्याचा आधार घेता येतो.

त्यासाठी नकार लेखी हवा. 'साहेब नाही म्हणाले' याला किंमत नाही. सर्व्हिस सेंटर आणि कंपनी दोघांनाही एकच ई-मेल करा : पंपातला बिघाड शॉकअपमुळे नेमका कसा झाला, ते १५ दिवसांत लेखी कळवा. माझा अनुभव असा, की बऱ्याच वॉरंट्या या एका प्रश्नावर परत जिवंत होतात, कारण असलं उत्तर सहीनिशी द्यायला कोणी धजत नाही.

दुकानदाराकडे वळतो. तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद वाटतो. तुम्ही लिहिलंय, 'आम्ही दोघं मिळून १४० किलो, वर बॅगा २० किलो, चालेल का?' त्याचं उत्तर, 'बिनधास्त घ्या, डबल सीट टूरिंगसाठीच आहेत.' मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ प्रमाणे ग्राहकाने वस्तू कशासाठी हवी ते सांगितलं आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे, ही अट न लिहिताही विक्रीत असतेच. याला एक पळवाट आहे. ठरावीक वस्तू तिच्या ब्रँडच्या नावाने मागून घेतली, तर ही गर्भित अट लागत नाही. दुकानदाराचा वकील तेच म्हणेल. पण तुम्ही नुसतं ब्रँडचं नाव सांगून पैसे भरले नाहीत, वजन सांगून विचारलंत. गाडीच्या मॅन्युअलमध्ये माणसं आणि सामान मिळून किती भार चालतो ते दिलेलं असतं. तुमचे १६० किलो त्याच्या आत बसत असतील तर ओव्हरलोडची गोष्ट तिथेच संपते.

तो चॅट डिलीट करू नका आणि फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडून प्रिंट द्या. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसतो, तरी हे करून ठेवा.

उत्पादक परदेशात आहे म्हणून दुकानदार हात झटकू लागला, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चं कलम ८६ बघा. नुकसानभरपाईच्या दाव्यात उत्पादक कोण ते कळत नसेल, किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेत्यालाच जबाबदार धरता येतं. खोक्यावरच्या आयातदाराच्या नाव-पत्त्याच्या लेबलाचा फोटो आत्ताच काढा. आणि कृपा करून तो शॉकअप कुठल्या मिस्त्रीला 'जरा सील बघ' म्हणून उघडायला देऊ नका. आत दाबाखाली नायट्रोजन असतो, इजा होऊ शकते. शिवाय उघडलेला शॉकअप पुरावा म्हणून संपला. कलम ३८ प्रमाणे आयोग सीलबंद नमुना प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो, त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागते.

आरटीओचं भय शेजाऱ्यांनी वाढवून सांगितलंय, पण हवेतलं नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचे तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी जुळेनासे होतील असा बदल करता येत नाही, आणि गाडीच्या रचनेत बदल होऊन तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं, त्याला तिथे 'बदल' म्हटलंय. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमचे शॉकअप मूळ बोल्टवर, मूळ लांबीचे बसले असतील तर माझ्या मते हा तसला बदल नाही. आरसीवरची एकही नोंद त्याने हलत नाही. चेसिसचं ब्रॅकेट कापलं किंवा वेल्डिंग केलं, तर मात्र मी तुमची बाजू मांडायला कचरेन. याच दुरुस्तीत 'वॉरंटी रद्द समजली जाणार नाही' असे शब्दही आहेत आणि गाडीप्रेमी ते दाखवत फिरतात. ते केंद्र सरकारने नियम ठरवून दिलेल्या बदलांपुरते आहेत, त्यावर तुमची केस उभी करू नका.

विम्याबद्दल थोडक्यात. शॉकअप बसवल्याचं बिलासह विमा कंपनीला ई-मेलने कळवा. न कळवलेल्या ॲक्सेसरीची भरपाई मागताना अडचण येते.

पुढची जोडी निवडताना सस्पेन्शनवाला काय सांगतो ते ऐकाच, मी कायद्याच्या बाजूने सांगतो. वरच्या डोळ्यापासून (बोल्ट बसतो त्या भोकापासून) खालच्या डोळ्यापर्यंतची लांबी मूळ शॉकअपइतकीच घ्या. लांब शॉकअपने मागचा भाग उचलला जातो, हँडलची भूमिती बदलते, साइड स्टँड तिरका पडतो, आणि अपघात झाला की हेच तुमच्यावर उलटतं. प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी, रिंग आवळल्याने स्प्रिंग ताकदवान होत नाही, फक्त गाडीची बसलेली उंची बदलते. तुमच्या वजनाला लागणारी स्प्रिंगच वेगळी मागा आणि तिचा रेट, म्हणजे ती किती कडक आहे तो आकडा, बिलावर लिहून घ्या. बिलावर तुमच्या गाडीचं मॉडेल, शॉकअपचे सीरियल नंबर आणि वॉरंटीचा काळही असू द्या. दुकानदार 'बिलावर एवढं कशाला' म्हणाला तर दुसरं दुकान बघा. आणि कंपनीच्या स्वतःच्या ॲक्सेसरी यादीत तुमच्या गाडीसाठी शॉकअप असतील, तर वॉरंटी संपेपर्यंत तेच घ्या, थोडे महाग पडले तरी.

तक्रार नाशिकच्याच जिल्हा आयोगात करता येते. दुकान मुंबईत असलं तरी ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथला आयोग चालतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून भरता येतो. शॉकअप आणि पंप या दोन वेगळ्या तक्रारी करा, विरुद्ध पक्ष वेगळे आहेत. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा आणि दोघांना स्पीड पोस्टाने नोटीस द्या. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे, आणि नोटिसांची देवाणघेवाण चालू आहे म्हणून ती वाढत नाही.