मे महिन्यात विदर्भात टिकेल असा गाडीतला फ्रिज

भाऊ, तुम्ही विचारलं ते थोडक्यात असं: ट्रॅव्हलर गाडीत झोपायची सोय झाली, आता फ्रिज कोणता घ्यावा? मेव्हण्यांनी सुचवलेला होस्टेलवाला (घरच्या विजेवर चालणारा छोटा) ५० लिटरचा फ्रिज इन्व्हर्टरवर चालेल का? घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीची साठवण) ट्युब्युलर बॅटरी गाडीत टाकता येईल का? आणि आईचं इन्सुलिन सांभाळलं जाईल का?

लिटर किती ते नंतर पाहू, आधी आपला मे महिना पहा. फ्रिजमध्ये ५ अंश ठेवायचे आणि बाहेर २५ असतील, तर फरक २० चा. नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत) बाहेर ४५ झाले की तोच फरक ४०. म्हणजे भिंतींतून आत शिरणारी उष्णता सरळ दुप्पट, वर गरम हवेत कॉम्प्रेसरची ताकदही घटते. बंद गाडी उन्हात उभी असेल तर आत ४५ वर थोडीच थांबते! बॉक्सवर लिहिलेला वीजखर्च बहुधा २५ ते ३२ अंशांत मोजलेला असतो, तो आपल्याकडे डिसेंबरातच खरा ठरेल.

म्हणून पेल्टिअरवाले (कॉम्प्रेसरशिवाय, विजेच्या चकतीने थंड करणारे) स्वस्त 'कार फ्रिज' विसरा. ते बाहेरच्यापेक्षा फार तर १८-२० अंश थंड करतात. अकोल्यात मे महिन्यात त्याचा अर्थ २५ अंशांचं दूध, आणि वीज मात्र अखंड खातात. गॅसवरही चालणारे थ्री-वे (गॅस, बॅटरी, घरची वीज) फ्रिज परदेशी व्हिडिओत छान दिसतात, पण त्यांना गाडी समपातळीवर लागते, चाळिशीपुढच्या उन्हात ते हात टेकतात आणि झोपायच्या जागेत ज्योत पेटती ठेवावी लागते. नकोच.

होस्टेलवाल्या फ्रिजचं म्हणाल तर घरात तो उत्तम आहे, पण गाडीत दोन अडचणी. एक म्हणजे इन्व्हर्टर. फ्रिज बंद असतानाही इन्व्हर्टर स्वतः १५ वॅटच्या आसपास पितो, म्हणजे दिवसाला ३६० वॅट-अवर (१५ वॅट × २४ तास). चांगला १२ व्होल्टवाला, म्हणजे थेट बॅटरीवर चालणारा फ्रिज हिवाळ्यात दिवसभरात जवळपास तेवढ्यातच भागवतो! दुसरं, साधा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, तेव्हा छोटा इन्व्हर्टर कुरकुरतो. शिवाय तो उभ्या जागी चालायला बनवलेला. सेमाडोह-चिखलदऱ्याच्या वळणांसाठी नाही.

राहिला १२ व्होल्ट डीसी कॉम्प्रेसरचा, वरून झाकण उघडणारा पेटीफ्रिज. किंमत ऐकून छाती दडपते, तरी तोच घ्या. झाकण वर असल्यामुळे उघडलं तरी थंड हवा आतच बसून राहते. समोरच्या दाराच्या फ्रिजमधून ती पायावर सांडते. तिघांना ४० लिटर पुरे. त्याला फ्रीझर म्हणून वापरू नका. आत उणे १८ ठेवले तर बाहेरच्या ४५ शी फरक ६३ चा होतो, मग कॉम्प्रेसरला उसंतच नाही.

आता हिशोब. असा फ्रिज चालू असताना साधारण ५० वॅट घेतो. थंडीत तो दिवसाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी वेळ चालतो, मे महिन्यात मात्र ६०-६५ टक्के वेळ धरा. म्हणजे दिवसाला ७२०-७८० वॅट-अवर, १२ व्होल्टवर ६०-६५ एएच. १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी एक दिवस-रात्र आरामात काढते आणि वजन १०-१२ किलो. ट्युब्युलरची निम्मीच वापरायची म्हणून १५० पैकी ७५ मिळतात, वजन ५० किलोंच्या वर, आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. जिथं माणसं झोपतात तिथं ती नको. घरी लाइन गेल्यावर तिची गरज आहेच.

टपावरचं २०० वॅटचं सोलर पॅनेल उन्हाळ्यात कागदावर या खर्चाची बरोबरी करतं, पण पॅनेल स्वतः तापलं की उत्पादन घटतं. आणि खरा पेच निराळाच: गाडी कडुलिंबाखाली लावली तर पॅनेल उपाशी, उन्हात लावली तर फ्रिज तापतो. माझं मत विचाराल तर गाडी सावलीतच. एक सुटं पॅनेल लांब वायरवर उन्हात टाका. खरी भिस्त मात्र इंजिनवर ठेवा. ३० ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर (इंजिन चालू असताना फ्रिजची बॅटरी भरणारा) बसवला की दोन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये दिवसाची भरपाई होते. अमरावतीहून नागपूर गाठेपर्यंत झालंच. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की पॅनेलवर विसंबूच नका.

नातेवाइकांकडे मुक्काम असला की प्लग लावा. आपल्या गावांत संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर उतरतं, म्हणून चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं आहे ना ते पाहून घ्या.

वायरिंगमध्ये कंजूषी नको. बॅटरीपासून फ्रिज ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं. दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीत ५ ॲम्पिअरला ०.६ व्होल्ट गळतात, ६ स्क्वेअर एमएममध्ये जेमतेम ०.१५. पातळ वायर असली की बॅटरी भरलेली असूनही फ्रिजला व्होल्टेज कमी दिसतं, तो रात्री दोनला बंद पडतो आणि लोक कंपनीला शिव्या घालतात. बॅटरीच्या टोकालाच १५ ॲम्पिअरचा फ्यूज लावा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालवू नका, खड्ड्यांत ते ढिलं होतं. फ्रिजवर बॅटरी-रक्षणाचे (बॅटरी फार उतरण्याआधी फ्रिज बंद करायचे) एच, एम, एल म्हणजे हाय, मीडियम, लो असे टप्पे असतील तर इंजिनच्या बॅटरीवर एच ठेवा, वेगळ्या बॅटरीवर एल चालतं.

फ्रिजच्या जाळीभोवती चार बोटं मोकळी जागा हवी. तिथं अंथरुणं कोंबली की सगळा हिशोब बिघडतो.

निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रिज आणि आतलं सामान दोन्ही गार करून घ्या. पिण्याचं पाणी त्यात ठेवूच नका, कारण झाकण सगळ्यात जास्त उघडतं ते पाण्यासाठी. त्याला छागल (पाण्याची कापडी पिशवी) किंवा माठ. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कापडातून झिरपणारं पाणी फुकट गार होतं. (जुलैत हा उपाय चालत नाही, पण तेव्हा एवढी तहानही नसते.) वांगी, कांदे बाहेर राहतात. दूध, दही, पनीर, मटण एवढंच आत. गोंदिया-भंडाऱ्याकडे तलावाची मासोळी घेतली तर त्याच संध्याकाळी रांधा.

आईचं इन्सुलिन. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि एकदाही गोठू द्यायचं नाही. गोठलं तर वितळवून वापरू नका, फेकाच. पेटीफ्रिजमध्ये तळ आणि भिंती सगळ्यात थंड असतात, म्हणून ते वरच्या टोपलीत, छोट्या डब्यात, भिंतीपासून दूर ठेवा. सेटिंग ५ अंशांवर. डिस्प्लेवरचा आकडा सेन्सरच्या जागेचा असतो, म्हणून डब्यात वेगळा थर्मामीटर टाका. वापरात असलेलं पेन बाहेर ठेवायची मर्यादा साधारण २५-३० अंशांची असते, नेमका आकडा पाकिटावर पाहा. उन्हाळ्यात आपल्या गाडीत ती मर्यादा सकाळी नऊलाच ओलांडली जाते. गडचिरोलीतल्या दूरच्या भामरागडकडे निघाल तेव्हा सगळा साठा एकाच जागी नको. निम्मा फ्रिजमध्ये, निम्मा रुंद तोंडाच्या थर्मासात, गार पाण्याच्या बाटलीशेजारी फडक्यात गुंडाळून. बर्फाला टेकवून नाही. फ्रिज मधेच बंद पडला तर वाटेतल्या आलापल्लीला परत यायला तेवढा वेळ मिळतो.