गोल्ड स्टार मातांच्या बैठकीला मी जावे का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमचा मुलगा अमेरिकी सैन्यात होता. गेल्या वर्षी सरावाच्या वेळी वाहन उलटून तो गेला. ‘अमेरिकन गोल्ड स्टार मदर्स’ या, सैन्यसेवेत मूल गमावलेल्या मातांच्या संघटनेतल्या एका बाईंनी मला बैठकीला बोलावले आहे. पण माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही, आणि मुलाचा मृत्यू लढाईतही झालेला नाही. मंडळातल्या बायका ‘सैन्यात पाठवलाच कशाला?’ असे विचारतात. यजमान म्हणतात, घरचे दुःख चारचौघांत कशाला न्यायचे? घरातले कोणी सैन्यात आहे हे सांगणारा, खिडकीतला निळ्या ताऱ्याचा झेंडा मी अजून उतरवलेला नाही.

उत्तर : ताई, पात्रतेची शंका आधी मनातून काढून टाका. 2005 साली फिलिपिन्सहून आलेल्या एका आईला केवळ नागरिकत्व नाही म्हणून या संघटनेने सदस्यत्व नाकारले होते. त्यावर देशभर टीका झाली आणि त्याच वर्षी नियम बदलला. कर्तव्यावर असताना सरावात गेलेला मुलगाही सेवेतच गेलेला असतो. सरकार मात्र युद्धात गेलेल्यांच्या आणि इतर कारणांनी सेवेत गेलेल्यांच्या कुटुंबांना दोन निरनिराळ्या पिना देते, हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेजारच्या बाईच्या पिनेकडे पाहून तुम्हाला उगाच कमीपणा वाटणार नाही.

ही संघटना मुळात मानसन्मानासाठी निघालेली नाही. ग्रेस डार्लिंग सायबोल्ड यांचा वैमानिक मुलगा जॉर्ज पहिल्या महायुद्धात, 1918 मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला. त्याची पत्रे येईनाशी झाली तेव्हा, जखमींमध्ये तो कुठेतरी असेल या आशेने, त्या वॉशिंग्टनच्या रुग्णालयांत जाऊ लागल्या, आणि तो गेल्याचे कळल्यावरही, ज्यांचे घरचे कोणी जवळ नव्हते अशा सैनिकांसाठी जातच राहिल्या. त्यांच्याच पुढाकाराने 1928 मध्ये 25 माता एकत्र आल्या. हा सगळा इतिहास सोज्वळ आहे असे मात्र नाही : 1930 ते 1933 या काळात सरकारने मातांना आणि विधवांना युरोपातील कबरींच्या दर्शनाला नेले, तेव्हा कृष्णवर्णीय मातांना वेगळ्या, कमी सोयींच्या जहाजांतून पाठवले. ‘इथे आपल्यासारखी कोण असेल?’ ही तुमची धाकधूक म्हणूनच मला अवास्तव वाटत नाही.

तरीही तुम्ही जावे असे मला वाटते, कारण ‘पाठवलाच कशाला’ हा प्रश्न तिथे तुम्हाला विचारला जाण्याची शक्यता फार कमी; तो बहुतेकींनी स्वतःच ऐकून घेतलेला असेल. पहिल्यांदा बैठकीलाच जायला हवे असेही नाही. त्या बाईंना एकटीला चहाला बोलवा आणि मुलाविषयी जेवढे बोलवेल तेवढेच बोला. झेंडा उतरवण्याची घाई करू नका. निळा तारा काढायचा नसतो, त्यावरच थोडा लहान सोनेरी तारा लावतात, म्हणजे कडेने निळी किनार दिसत राहते. तो कधी लावायचा, हे त्या बाईंना आपल्या अनुभवावरून सांगता येईल.

यजमानांना आग्रह करू नका, पण त्यांच्या परवानगीची वाटही पाहू नका. त्यांना न बोलता सोसायचे आहे आणि तुम्हाला बोलायचे आहे. एका घरात दोन्ही चालते. मंडळातल्या बायकांना ‘त्याला सैन्यात जायचे होते, म्हणून तो सैन्यात गेला’ एवढे एकदा सांगा आणि विषय तिथेच थांबवा.