बायकी वाक्य, स्त्रैण वाक्य का स्त्रीलिंगी वाक्य?

प्रश्न असा आहे: इंग्रजी कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फवर मराठीत लिहिताना तिच्या 'वुमन्स सेंटेन्स'ला काय म्हणायचं, बायकी वाक्य, स्त्रैण वाक्य का स्त्रीवाक्य? आणि बायकांचं असं वेगळं वाक्य खरंच असतं का?

बायकी आणि स्त्रैण हे दोन्ही आधी बाजूला काढा. बायकी हा शब्द आपण बाईबद्दल वापरतच नाही, तो पुरुषाला टोमणा मारायला असतो (बायकी चाल, बायकी आवाज वगैरे), आणि स्त्रैण म्हणजे जुन्या वापरात बाईलवेडा, बायकोच्या मुठीतला. स्त्रीवाक्य चालेल पण ते जरा परिपत्रकासारखं वाटतं. मला विचाराल तर 'स्त्रीलिंगी वाक्य' म्हणा, कारण वुल्फबाईंनी १९२३ मध्ये डोरोथी रिचर्डसनच्या कादंबरीचं परीक्षण लिहिलं त्यात त्यांचे शब्द जवळपास हेच आहेत, की या बाईनं स्त्रीलिंगी म्हणता येईल असं एक मानसशास्त्रीय वाक्य घडवलंय. इंग्रजीत वाक्याला लिंग नसतं, म्हणजे व्याकरणाचा शब्द मुद्दाम चुकीच्या जागी ठेवून केलेली ती गंमत आहे, आणि 'स्त्रीवाक्य' म्हटलं की ती गंमत जाते.

ही रिचर्डसन कोण? तर 'पिल्ग्रिमेज' नावाची लांबच लांब कादंबरीमाला लिहिणारी, पहिला भाग 'पॉइंटेड रूफ्स' १९१५ चा, त्यात मिरियम हेंडरसन नावाची मुलगी जर्मनीतल्या एका शाळेत शिकवायला जाते आणि सगळं तिच्याच डोक्यातून दिसतं. आपण ज्याला संज्ञाप्रवाह म्हणतो (मराठीत हा शब्द निघाला की मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' आठवतेच) त्याचा इंग्रजी शब्द, 'स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस', मानसशास्त्रातून उचलून कादंबरीला पहिल्यांदा लावला मे सिंक्लेअर या लेखिकेनं, १९१८ मध्ये, आणि तोही याच मालिकेबद्दल लिहिताना. याच तऱ्हेनं लिहिणाऱ्या जेम्स जॉइसचं नाव पुढे एवढं मोठं झालं की ही गोष्ट पार मागे पडली. रिचर्डसनला स्वतःला मात्र तो शब्द अजिबात आवडायचा नाही.

आता बायकांचं वाक्य म्हणजे विरामचिन्हं नसलेलं, धो धो वाहणारं वाक्य ही समजूत. ती मुख्यतः जॉइसच्या 'युलिसिस'च्या (१९२२) शेवटच्या प्रकरणामुळे पसरली, मॉली ब्लूम रात्री पडल्या पडल्या विचार करतेय, आठच वाक्यं पण पानंच्या पानं, 'येस'नं सुरू आणि 'येस'नं खलास. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०६ मध्ये, जॉइस भावाला पत्रात विचारतो की बायका लिहिताना विरामचिन्हं आणि कॅपिटल अक्षरं कशा धाब्यावर बसवतात ते पाहिलंस का. त्याची जोडीदार नोरा तसंच लिहायची, आणि नोराचं शिक्षण लहानपणीच सुटलेलं. म्हणजे ज्याला बाईच्या मनाचा स्वभाव म्हणून मिरवलं गेलं त्यात सुटलेल्या शाळेचा वाटा किती होता हे विचारायला हवं ना! रिचर्डसननंही 'पिल्ग्रिमेज'च्या १९३८ च्या प्रस्तावनेत म्हटलंय की बायकांच्या गद्याला विरामचिन्हं नसावीत, आणि हे ज्यांना छान कळलं होतं म्हणून दाखला कुणाचा, तर डिकन्स आणि जॉइसचा. दोन्ही बाप्ये. मला तो तिरकस चिमटा वाटतो.

वुल्फचं स्वतःचं गद्य तर अर्धविरामांनी खच्चून भरलेलं असतं, त्यामुळे विरामचिन्हांवरून लिंग ठरवायला गेलात तर पहिली तीच नापास. १९२३ च्या परीक्षणात तिचा मुद्दा वेगळा होता, रिचर्डसनचं हे वाक्य स्त्रीचं आहे ते एवढ्याच अर्थानं की बाईच्या मनात जे काही सापडेल त्याचा गर्वही नाही आणि भीतीही नाही अशा लेखिकेनं ते वापरलंय, आणि तशी ताणलेली वाक्यं पुरुषांनीही लिहिलीत हे ती तिथेच सांगते.

वुल्फच्याच 'टू द लाइटहाउस' कादंबरीतलं (१९२७) एक वाक्य बघा. मिसेस रॅमसे, जिच्याभोवती अर्धी कादंबरी फिरली, तिचं मरण चौकोनी कंसात येतं, आणि तेही गौण वाक्यांशात: मिस्टर रॅमसे पहाटे अंधारात चाचपडत हात पसरतात, पण बायको आदल्या रात्री अचानक वारल्यामुळे हात रिकामेच राहतात. कर्ता तो, क्रियापदं त्याची, हात त्याचे, आणि तिच्या वाट्याला एक 'वारल्यामुळे'. इतकं पुरुषी वाक्य एका बाईनं समजून उमजून रचलंय. मराठीत आणताना 'मिसेस रॅमसे वारल्या.' असं सुटं वाक्य करायचा मोह होतो, तो आवरा, नाहीतर सगळा डाव फुकट.

मराठीत तर आणखी मजा. आपलं क्रियापद लिंग सांगतं, मी उठले, मी खिडकीशी गेले, इंग्रजी 'आय'ला ही भानगडच नाही. पण मन सुरू झालं की बघा: मला वाटलं, मला आठवलं, मला सुचलं, मला कळलं, मी विचार केला. यात कुठेही बाई-पुरुष कळत नाही! शरीर हललं की लिंग दिसतं, मन हललं की बहुतेक वेळा नाही ('मी विसरले' हा अपवाद, आणि वर्तमानकाळात 'मी विचार करते' झालं की पुन्हा दिसलंच). या उत्तरात इथवर मी बाई की बुवा ते तुम्हाला कळलंय का? कोल्हापूरकडे तर बायकाही 'मी आलो, मी जातो' म्हणतात, त्यांच्यापैकी कुणी संज्ञाप्रवाही कादंबरी लिहिली तर समीक्षकांची चांगलीच पंचाईत होईल.

तेव्हा १९२३ च्या परीक्षणाबद्दल लिहिताना 'स्त्रीलिंगी वाक्य', अवतरणचिन्हात. आणि 'अ रूम ऑफ वन्स ओन'मध्ये (१९२९) ती 'मॅन्स सेंटेन्स' म्हणते, जे शार्लट ब्रॉन्टेला झेपलं नाही आणि जेन ऑस्टिननं हसून बाजूला सारलं, तिथे साधं 'पुरुषाचं वाक्य' लिहा.