आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. त्यानंतर ती विड्या वळायला कधी बसू शकेल?

ऑपरेशन नीट पार पडलं, तर साधारण दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टरांना विचारून बसता येतं, पण जवळचा चष्मा लागेल हे आईंना आधीच सांगून ठेवा. मी सोलापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढतो. विडी वळणाऱ्या बायकांची नेहमीची तक्रार हीच: "लांबचं लख्ख दिसतंय, पण पानाची शीर दिसंना." साधी मोनोफोकल लेन्स, म्हणजे एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारी, बहुधा लांबच्या नजरेसाठी बसवतात, म्हणून असं होतं. ऑपरेशन बिघडलेलं नसतं. पक्का नंबर महिना-दीड महिन्याने काढतात, तोवर तयार चष्म्यावर भागतं.

ऑपरेशनचं म्हणाल तर फेकोला, म्हणजे बारीक छेदातून मोतीबिंदू फोडून काढायला, पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. सुरुवातीला थोडं खुपतं, पाणी येतं. जपायचं ते नंतर:

- थेंब सांगितलेले सगळे दिवस घालायचे. बरं वाटलं की बंद करतात, तिथंच घोटाळा होतो.
- तंबाखूची पूड लागलेला हात डोळ्याला नको. पानं-तंबाखूचं सूप मांडीवर घेण्याची घाई नको, ती याचसाठी.
- डोक्यावरून अंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हाच.

आईंना शुगर असेल तर डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) आधी तपासून घ्या. पडदाच खराब असेल तर नवी लेन्स घालूनही नजर म्हणावी तशी येत नाही. आणि दुखणं वाढलं, डोळा लालभडक झाला किंवा एकदम अंधुक दिसायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.