ताणामुळे मूत्रपिंडे बिघडतात का?

प्रश्न : माझा जन्म 1973 चा. 1972 च्या दुष्काळात आई गरोदरपणीही खडी फोडायला जात होती. मी दिवस भरण्याआधीच झाले आणि वजन जेमतेम पावणेदोन किलो भरले, असे ती सांगते. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. नोकरी आणि सासूबाईंचे आजारपण यांचा ताण असतो. डोके ठणकले की वेदनाशामक गोळी घेते. क्रिएटिनिन 0.9 आहे. ताणाने मूत्रपिंडे बिघडतात का?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : नुसत्या ताणाने मूत्रपिंडे निकामी होतात, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. आपल्या पत्रातील महत्त्वाची गोष्ट मला नोकरीपेक्षा ते पावणेदोन किलो वाटते. मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, गर्भारपणाच्या साधारण 36 व्या आठवड्यापर्यंत तयार होतात आणि पुढे आयुष्यभर त्यांत भर पडत नाही. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला त्या बहुधा कमी मिळतात. मग प्रत्येक गाळणीवर जास्त भार पडून काहींवर हळूहळू व्रण धरतात आणि रक्तदाबही वाढू शकतो, अशी मांडणी मूत्रपिंडतज्ज्ञ बॅरी ब्रेनर व सहकाऱ्यांनी 1988 मध्ये केली. नेदरलँड्समधील 1944-45 च्या उपासमारीच्या वेळी जे गर्भावस्थेच्या मधल्या महिन्यांत होते, त्यांच्या लघवीत पन्नाशीच्या सुमारास अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन जाण्याचे (म्हणजे गाळण्या बिघडत असल्याच्या खुणेचे) प्रमाण अधिक आढळले. (तिथे प्रश्न मुख्यतः पोटाचा होता, मनाच्या ताणाचा नव्हे, हे विसरू नये.) आपल्या रक्तदाबाचे मूळ त्या कमी जन्मवजनातच आहे, हे मात्र सिद्ध करता येणार नाही.

आजचा ताण या जुन्या उणिवेवर आडवाटेने भार टाकतो : कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनलिन ही ताणाची संप्रेरके वाढून रक्तदाब चढतो, झोप मोडते, औषधाची वेळ चुकते. त्यांत थेट धोका आहे तो त्या वेदनाशामक गोळीचा. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन वारंवार घेतल्यास मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो आणि रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर हा धोका वाढतो. म्हणून गोळीचे पाकीट डॉक्टरांना दाखवावे.

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, रक्तात बरेच उशिरा वाढते, त्यामुळे 0.9 वर निर्धास्त राहू नये. लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासून घ्यावे. ते दर ग्रॅममागे 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त आल्यास तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासावे आणि डॉक्टरांना आपले जन्माचे वजन आवर्जून सांगावे, कारण पन्नाशीच्या रुग्णाला ते सहसा कोणी विचारत नाही.